न पाहिलेल्या पिक्चरची शपथ

जगरूप सतरा वर्षं लंबासा या बेटावरच्या गावातल्या थिएटरची जाहिरात करत होता, आणि त्या सतरा वर्षांत त्याने पुरते अकरा पिक्चरही पाहिले नव्हते.

ही गोष्ट फार कमी लोकांना माहीत होती. उसाच्या वस्त्यांमधून त्याची जुनी निळी व्हॅन धुरळा उडवत यायची, टपावरचा भोंगा खरखरायचा आणि मग जगरूपचा आवाज. तो आवाज ऐकून पोरं अर्धा घास तोंडात तसाच ठेवून रस्त्याकडे धावत आणि बाया चुलीपुढून उठून दारात येत. "बंधू-भगिनींनो, असा पिक्चर आजवर झाला नाही आणि यापुढे होणार नाही!" असं तो दर आठवड्याला म्हणायचा. दर आठवड्याला लोक हसायचे, आणि शनिवारी दुपारी बस भरभरून गावात यायचेच.

पहिल्या वर्षी त्याने पिक्चर पाहिले होते. शुक्रवारी रात्री एक अगदीच रद्दड निघाला आणि शनिवारी सकाळी त्याच पिक्चरसाठी माइक हातात धरला, तर त्याची जीभ अडखळायला लागली. "असा पिक्चर आजवर" इथपर्यंत यायचं आणि गाडी तिथेच रुतायची. थिएटरचे मालक डाह्याभाई शेठ त्याला म्हणाले, "जगरूप, हलवायाने दिवसभर मिठाई खाल्ली तर विकेल काय आणि कशी?" जगरूपला ते पटलं. त्या दिवसापासून त्याने पिक्चर बघायचं सोडलं. सुव्याहून बोटीने पोस्टरं यायची, ती तो बघायचा. हीरोच्या हातात बंदूक असली तर मारामारी, हीरोइनच्या डोळ्यात पाणी असलं तर माया-ममता, मागे डोंगर असले तर गाणी. एवढ्यावर त्याचं भागायचं.

अडचण एवढीच होती की शब्द झिजत चालले होते. 'या वर्षातला सर्वोत्तम' म्हणून झालं, मग 'दहा वर्षांतला', मग 'शतकातला'. पैसे परत द्यायची हमी देऊन झाली. देवांच्या शपथा झाल्या, स्वतःच्या डोळ्यांच्या झाल्या. सतराव्या वर्षी उसाचा हंगाम ऐन भरात असताना एक मोठा पिक्चर आला. एरवी दोन पोस्टरं यायची, या वेळी चौदा आली. गाण्यांची रेकॉर्ड आली, छातीवर लावायचे बिल्ले आले, हीरोचा माणसाच्या उंचीचा पुठ्ठ्याचा पुतळासुद्धा आला. शेठनी तो व्हॅनच्या पुढे बांधायला लावला. एवढ्या थाटाला साजेसं काय म्हणावं ते जगरूपला सुचेना. बुलिलेका वस्तीच्या वळणावर बाया जमलेल्या दिसल्या, आणि त्याच्या तोंडातून निघून गेलं, "माझ्या माईची शपथ घेऊन सांगतो, या पिक्चरला जो रडणार नाही तो माणूस नाही!"

बायांच्या चेहऱ्यावर जो बदल झाला तो बघून त्याला वाटलं, हे बरोबर लागलं. मग पुढचे बारा दिवस त्याने प्रत्येक वस्तीत माईची शपथ घेतली.

*

शनिवारचा दुपारचा खेळ सुटला तेव्हा जगरूप थिएटरच्या पायरीवर पुढच्या आठवड्याची हँडबिलं घेऊन उभा होता. लोक बाहेर पडत होते ते नेहमीसारखे, जांभया देत, शेंगांची टरफलं झटकत. गर्दीत त्याला त्याची मोठी बहीण फुलमती दिसली. पांढरी साडी, डोक्यावरून पदर, आणि मागे तिच्या भजन मंडळीतल्या सहा बाया. फुलमती विधवा होती, बुलिलेकात मुलाकडे राहायची, आणि पिक्चरला येण्यातली नव्हती.

"दीदी! तू? आधी सांगितलं असतंस तर वर बाल्कनीत बसवलं असतं."

"खालीच बरं होतं," फुलमती म्हणाली. मग तिने बायांना बसच्या थांब्याकडे पाठवलं आणि पदर सारखा करत विचारलं, "जगरू, तू हा पिक्चर पाहिलास?"

जगरूपला खोटं बोलता आलं असतं. पण बहिणीने लहानपणीचं नाव घेतलं होतं. "नाही," तो म्हणाला.

"अजिबात नाही?"

"मी बघत नाही दीदी. माझं काम सांगायचं."

"पिक्चर वाईट होता म्हणून मी बोलत नाहीये," ती म्हणाली. "वाईट पिक्चर काय, असतात. तीन तास तो मेला हीरो बर्फात पळतो, तिसऱ्या तासाला बिबट्या येतो, आणि बिबट्याच्या पोटाला शिवण दिसते. त्याचं मला काही नाही. पण माईला जाऊन अजून वर्ष नाही झालं. तू भोंग्यातून तिची शपथ घेतलीस. मी या सगळ्यांना सांगितलं, चला, माझा भाऊ दुसरं काहीही बोलेल, माईची शपथ खोटी घेणार नाही. सहाजणींना घेऊन आले मी."

"ते बोलण्यातलं बोलणं असतं गं…"

"असेल. मला कळलं नाही." फुलमती पायऱ्या उतरली. दोन पावलं जाऊन वळली. "रडले मात्र मी. माईची आठवण येऊन. तेवढं तुझं खरं झालं."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर जगरूपला सोपं गेलं असतं.

*

थिएटरच्या मागच्या लोखंडी जिन्याने वर गेलं की मशीनची खोली लागायची. तिथे आपिसाय बसायचा. आपिसाय नामुकाकडच्या गावातला काईवीती, म्हणजे या बेटांवरचा मूळ रहिवासी, अंगाने दांडगा, बोलायला कमी. वीस वर्षं तो मशीन चालवत होता, आणि जगरूपची भाषा खुद्द जगरूपपेक्षा शुद्ध बोलायचा, कारण ती त्याने पडद्यावरून उचलली होती. लंबासात आलेला प्रत्येक पिक्चर त्याने किमान सहा वेळा बघितलेला होता.

सोमवारी थिएटर बंद असायचं. जगरूप जिना चढून गेला तेव्हा आपिसाय मशीनला तेल घालत होता.

"तवाले," जगरूपने त्याला नेहमीसारखी, मेव्हण्याला थट्टेने मारतात तशी हाक मारली, "तो बिबट्याचा पिक्चर इतका वाईट होता?"

"फार."

"मग मला बोलला का नाहीस?"

आपिसायने तेलाचा डबा खाली ठेवला. "तू कधी विचारलंस?"

सतरा वर्षं दोघं एकाच छपराखाली काम करत होते. ज्याने सगळं पाहिलेलं तो गप्प बसायचा, आणि ज्याने काही पाहिलं नव्हतं तो गावभर ओरडत फिरायचा. हे जगरूपच्या पहिल्यांदाच ध्यानात आलं, आणि त्याला शरम वाटली.

"गुरुवारी दुपारी मी रिळं तपासायला एकटाच लावून बघतो," आपिसाय म्हणाला. "येऊन बसत जा. स्टूल आहे."

तेव्हापासून दर गुरुवारी जगरूप घरून रोटी आणि चवळीची तरकारी डब्यात घेऊन यायचा, आपिसाय त्याच्यापुढे नारळाच्या करवंटीत यांगोना, मुळांचं ते मातकट पेय, धरायचा, आणि भिंतीतल्या हातभर चौकोनातून दोघं पिक्चर बघायचे. जगरूपला एक गोष्ट शोधून काढायची होती. पोस्टरांवरून पिक्चर ओळखता येतो का? येत असेल तर त्याला दर गुरुवारी इथे येऊन बसायची गरज नव्हती. त्याने पाठ करायला सुरुवात केली. या पिक्चरची पोस्टरं इतकी, रंग इतके, रेकॉर्ड आली की नाही, आणि पिक्चर कसा निघाला.

पहिले दोन महिने त्याला वाटलं, नियम सापडला. जेवढा गाजावाजा जास्त तेवढा माल पोकळ. बारा पोस्टरांचा एक आला, टाकाऊ. नऊ पोस्टरांचा आला, तोही तसाच. जगरूप खूश झाला. मग सोळा पोस्टरांचा एक असा आला की मध्यंतरात आपिसायने रीळ बदललं तरी जगरूपचा घास डब्यातच. मग त्याला वाटलं, ज्यांची कुणी जाहिरात करत नाही तेच खरे चांगले. त्यावर लागोपाठ पाच बिनपोस्टरचे आले, आणि पाचही बघवेनात.

"काही जमत नाही रे," तो एका गुरुवारी म्हणाला. "पोस्टर खोटं बोलतं असं म्हणावं, तर कधी खरंही बोलतं."

"दालोच्या रोपाचं पान मोठं असलं की कंद मोठा असतो का?" आपिसायने विचारलं.

"असतोही कधी."

"म्हणून तर खणावं लागतं. पोस्टरावरून एवढंच कळतं की कुणाला तरी तो पिक्चर विकायची घाई आहे."

*

पाहायला लागल्यावर जगरूपची जीभ पुन्हा अडखळू लागली. एका शनिवारी वाईलेवूच्या वस्तीत त्याने माइक उचलला, घसा साफ केला, आणि जे मनात होतं तेच बाहेर आलं. "बंधू-भगिनींनो, खरं सांगतो, हीरो लाकडाचा आहे. हीरोइन तीन साड्या नेसते आणि तीच तीन वाक्यं बोलते. पण खलनायक बघा! त्याच्यासाठी या. तो मेला की उठून घरी जा, पुढे काही नाही."

रस्त्यावरची माणसं आधी गप्प झाली, मग खो खो हसली. त्या शनिवारी थिएटरात उभं राहायला जागा नव्हती. खलनायक मेल्यावर अर्धं थिएटर टाळ्या वाजवत उठलं आणि खरोखर घरी गेलं.

डाह्याभाई शेठकडे आधी कुणीतरी चुगली केली तेव्हा ते लालबुंद झाले होते. गर्दी बघितल्यावर त्यांनी जगरूपला ऑफिसात बोलावून चहा पाजला.

"अरे, काय युक्ती काढलीस! माझी जन्माची अक्कल एका बाजूला."

"युक्ती नाही शेठ. पिक्चर तसाच होता."

"तेच तर म्हणतो. लोकांना गोड ऐकून कंटाळा आला होता, तू तिखट दिलंस. आता प्रत्येक पिक्चरला थोडी निंदा करायची." शेठनी पुढच्या महिन्याची यादी पुढे सरकवली. "याच्यात म्हण, गाणी चांगली पण हीरो म्हातारा. याच्यात म्हण, गोष्ट बरी पण नाच वाह्यात, बायकापोरांना आणू नका. मग बघ पोरं कशी धावतात."

"हे अजून आलेसुद्धा नाहीत."

"म्हणून काय झालं? पोस्टरं आलीत ना."

जगरूप चहा अर्धा टाकून उठला. आयुष्यात पहिल्यांदा भोंग्यातून खरं बोललो, आणि ते आठवडाभरात दुकानात मांडलं गेलं, असं त्याला वाटत राहिलं. शेठवर रागही धरता येईना. थिएटर चालवायचं तर खुर्च्या भराव्या लागतात, आणि त्याच खुर्च्यांवर जगरूपचं घर चालत होतं. त्याने यादीतलं काही म्हटलं नाही. खेळाची वेळ आणि नटांची नावं सांगून व्हॅन पुढे काढायला लागला. गर्दी पुन्हा नेहमीएवढी झाली. शेठ कुरकुरले, पण काढून टाकलं नाही. त्याच्या आवाजाची लोकांना सवय होती.

*

पाऊस सुरू झाला तसा एक आठवडा असा आला की सुव्याहून येणारी बोट वाऱ्यामुळे अडकली. मोठा पिक्चर तिच्यावर होता. शेठकडे आदल्या खेपेला फुकटात आलेला एक छोटा पिक्चर पडून होता, काळा-पांढरा, बिनगाण्यांचा. पोस्टर नव्हतं. एक हाताएवढा फोटो होता, त्यात एक म्हातारी शिलाई मशीनवर वाकलेली.

"दोन दिवस हा लावा," शेठ म्हणाले. "भोंगा फिरवू नकोस, पेट्रोल वाया."

गुरुवारी आपिसायने तो लावला. गोष्ट एवढीशीच. एक म्हातारी गावातल्या शाळेच्या पोरांचे गणवेश शिवते. तिची नजर जात चाललीय. शिवण वाकडी होते, बाही उलटी लागते. दुपारी ती झोपली की तिची सून गुपचूप सगळं उसवते आणि पुन्हा शिवून, घडी घालून जागच्या जागी ठेवते. सासूला काही बोलत नाही. आणि म्हातारीला ते ठाऊक आहे. तीही काही बोलत नाही. फक्त रोज दुपारी थोडी जास्त वेळ झोपते, डोळे मिटून पडून राहते, म्हणजे सुनेचं काम पुरं व्हावं.

रीळ संपून पट्टी फटफट वाजायला लागली तरी आपिसाय उठला नाही. खाली रिकाम्या थिएटरात पांढरा पडदा उजळलेला होता. जगरूपच्या करवंटीतला यांगोना तसाच होता.

"तू हा आधी पाहिला होतास?" त्याने विचारलं.

"नाही," आपिसाय म्हणाला आणि उठून मशीन बंद केलं. "पण शनिवारनंतर परत जाईल. कोण येणार आहे?"

जगरूप खाली गेला आणि शेठपुढे उभा राहिला. "व्हॅन हवी."

"मी काय सांगितलं होतं?"

"पेट्रोल माझ्या पगारातून घ्या. शेठ, सतरा वर्षांत मी तुमच्याकडे काही मागितलं नाही."

शेठनी त्याच्याकडे नीट पाहिलं आणि किल्ली टेबलावर सरकवली. "पगारातून बिगारातून काही नको. जा. पण कुणी येणार नाही, सांगून ठेवतो."

शुक्रवारी सकाळी बुलिलेकाच्या वळणावर त्याने व्हॅन थांबवली आणि माइक हातात घेतला. चिखलातून पोरं धावत आली. बाया दारात आल्या. जगरूपने तोंड उघडलं आणि त्याला कळलं की त्याच्यापाशी एकही शब्द उरलेला नाही. 'सर्वोत्तम' वापरून झाला होता, माईची शपथ बिबट्याच्या पिक्चरवर खर्च झाली होती. 'हृदय हेलावणारा' दर महिन्याला जायचा. खरं सांगतो म्हणावं, तर लोक आता त्यालाही हसायला तयार उभे होते. एक बाई पदर तोंडाला लावून वाटच बघत होती, आज कुणाची फजिती करतो म्हणून.

त्याने भोंगा बंद केला, व्हॅनमधून उतरला, आणि चप्पल चिखलात रुतवत घरोघर गेला. प्रत्येक दारात त्याने म्हातारीची आणि सुनेची गोष्ट सांगितली, पहिल्या पंधरा मिनिटांपुरती, आणि खेळाची वेळ सांगितली. काही जणींनी ऐकून घेतलं. काही म्हणाल्या, "भैया, बरं नाही का तुम्हाला आज?"

शेवटी तो फुलमतीच्या ओट्यावर येऊन बसला. त्या शनिवारनंतर दोघं बोलले होते, पण जेवढ्यास तेवढं. तिने चहा दिला. त्याने गोष्ट सांगितली.

"शपथ घेतोस?" फुलमतीने विचारलं.

"नाही. पाहिलाय, एवढंच सांगतो. मला आवडला."

तिने चुलीतलं लाकूड आत सरकवलं. "उद्या दुपारचा ना? बघते, कोण येतंय."

*

दोन दिवसांच्या तीन खेळांना मिळून शंभरही माणसं आली नाहीत. शनिवारी दुपारी चौतीस होती. पुढच्या बाकांवरच्या तरुण पोरांनी मारामारी येईल म्हणून तासभर वाट बघितली, मग शिट्ट्या मारल्या आणि निघून गेली. एकाने पैसे परत मागितले. फुलमती चार बायांना घेऊन आली होती. खेळ सुटल्यावर जगरूप पायरीवर उभा राहून बाहेर पडणाऱ्या एकेकाचा चेहरा बघत होता.

फुलमती बाहेर आली. "कुठे असते रे अशी सून?"

"म्हणजे?"

"मला नाही आवडला. सासूला दिसत नाही तर सांगावं तिला तोंडावर. माझी सून सांगते. आणि मध्ये मला झोप लागली."

"तुम्ही झोपलात आणि मग म्हणता आवडला नाही!" मागून एक बाई म्हणाली. तिचे डोळे लाल झाले होते. "दीदी, ती म्हातारी झोपेचं सोंग घेते तेच तुम्ही नाही बघितलं!"

"सोंग कसलं? झोपलीच होती ती."

"झोपली नव्हती हो!"

बायांची तिथेच जुंपली. बस आली, बसमध्येही चालूच राहिली. चढता चढता फुलमतीने मागे वळून जगरूपच्या खांद्यावर हात ठेवला. "तुला आवडला होता ना? मग झालं. पुढच्या वेळी पण पाहून सांग. माझी आवड मी बघेन."

बस गेली. जगरूपला वाईट वाटायला हवं होतं, बहिणीला पिक्चर आवडला नाही म्हणून. पण त्याला हलकं वाटत होतं, आणि का, ते नीट सांगता आलं नसतं.

रात्रीच्या खेळाची तिकिटं सुरू झाली तेव्हा आपिसाय जिन्यावरून खाली वाकून म्हणाला, "तवाले, तो बघ. तिसऱ्यांदा आलाय."

रांगेत एकच माणूस होता, मुनसामी. साखर कारखान्याच्या काट्यावर उसाच्या गाड्या तोलायचा, साठीचा, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. कुणाशी फारसा बोलायचा नाही. तिकीट घेऊन तो खाली मान घालून आत गेला.

*

पुढच्या आठवड्यात बोट आली, मोठा पिक्चर आला, अठरा पोस्टरं आली. बुधवारी जगरूप नेहमीच्या फेरीला निघाला. शेठशी त्याचं एवढं ठरलं होतं की वेळ सांगायची, नटांची नावं सांगायची, गाणं वाजवायचं. बाकी काही म्हणायचा आग्रह शेठ करणार नाहीत. कारखान्याच्या फाटकापाशी मुनसामीने हात दाखवून व्हॅन थांबवली.

"या आठवड्याचा कसा आहे?"

"अजून बघितला नाही काका. रिळं उद्या लागतात."

"मग शुक्रवारी ये इकडून."

शुक्रवारी फेरी नसायची. पण जगरूप सायकल काढून गेला. मुनसामी काट्याच्या खोलीत बसून चहा पीत होता. त्याने दुसरा पेला भरला.

"काका, नका येऊ," जगरूप म्हणाला. "अठरा पोस्टरं आहेत, पण आत काही नाही. शेवटी तर हसूच येतं."

मुनसामीने चहाचा घोट घेतला. "इतका वाईट आहे?"

"मी पाहिलाय."

"येतो मग."

"अहो, वाईट आहे म्हणून सांगायला आलो ना!"

"कळलं रे. पण शनिवारी घरी बसून मी काय करू?" मुनसामीने पेला खाली ठेवला. "चांगला असता तर एकटा बघितला असता. हा एकट्याने बघण्यासारखा दिसत नाही. तू बसशील का बाजूला?"

शनिवारी दुपारी जगरूपने हँडबिलांचा गठ्ठा तिकिटाच्या खिडकीपाशी ठेवला आणि आत जाऊन मुनसामीच्या शेजारी लाकडी बाकावर बसला. मुनसामीने खिशातून शेव-दाण्यांच्या भूजाची पुडी काढून दोघांच्या मध्ये उघडून ठेवली. पिक्चर जगरूप म्हणाला होता तितकाच वाईट निघाला. शेवटी हीरो पेटत्या इमारतीतून बाहेर आला तेव्हा त्याचा भांगसुद्धा मोडला नव्हता, आणि मुनसामी इतका हसला की पुढच्या रांगेतल्या माणसाने वळून बघितलं.